बावीस नंबरचं गुणसूत्र: फिलाडेल्फिया ते मुंबई



मागच्या भागात आपण रोनाल्ड रॉसची गोष्ट ऐकली. १८८३ साली हा तरुण डॉक्टर इथेच, बंगळूरच्या छावणीत नेमणुकीवर होता, आणि बंगल्यातल्या साठवलेल्या पाण्याचा आणि डासांचा संबंध त्याच्या इथेच लक्षात आला. तो भाग ऐकून बऱ्याच जणांनी कळवलं, "कर्नलसाहेब, लढाया सांगता सांगता औषधांच्या इतिहासात शिरलाच आहात, तर आणखी एखादा भाग होऊ द्या." म्हणून आज रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास. त्यातही एका गुणसूत्राचा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. झालो आणि फौजेत सॅपर झालो. पूल बांधले, सुरुंग काढले. पण या विषयाशी माझा दोनदा संबंध आला. एकदा १९९८ साली, माझ्या कंपनीतल्या एका जवानामुळे. आणि दुसऱ्यांदा २०१४ साली, माझ्या स्वतःमुळे. आजार तोच. तो जवान गेला, मी तुमच्यासमोर बसून बोलतोय. हा फरक कशामुळे पडला, ते आज सांगायचं आहे.

खटावचा नाईक

१९९८ साली मी बॉम्बे सॅपर्सच्या एका फील्ड कंपनीचा ओसी होतो. पोरं बरीचशी सातारा, सांगली, कोल्हापूरकडची. त्यात खटाव तालुक्यातला एक नाईक होता. नाव सांगत नाही, घरची माणसं आहेत. बेली पुलाचं एक पॅनेल सहा जणांनी उचलायचं असतं. त्या सहांत हा कायम पुढचा. त्या ऑक्टोबरात तो म्हणायला लागला की डाव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं. आमच्या मेडिकल ऑफिसरने पोट तपासलं, रक्त घेतलं आणि त्याच दिवशी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. प्लीहा, म्हणजे आपल्याकडे जिला पाणथरी म्हणतात, ती बेंबीपर्यंत वाढली होती. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. याच्या निघाल्या १ लाख ८० हजार. निदान झालं क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टर थोडक्यात सीएमएल म्हणतात.

तेव्हा उपाय तीन होते. हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल, त्याने पेशी कमी होत पण आजार जात नसे. इंटरफेरॉनची इंजेक्शनं, त्याने माणूस तापाने फणफणत असे. आणि सख्ख्या भावंडाचा मेळ बसला तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण. भारतात पहिलं प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणींनी केलं होतं, पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर बसून काम करणारा हा माणूस. म्हणजे सोय देशात होती. पण आमच्या नाईकाच्या भावाचाही मेळ बसला नाही आणि बहिणीचाही. २००० च्या पावसाळ्यात तो गेला.

मी त्याच्या गावी गेलो. त्याची आई ओट्यावर बसली होती. रडली नाही. म्हणाली, "सायेब, गोळी न्हाई लागली, कुठं पडला न्हाई, दारूला कधी शिवला न्हाई. मग रगात कशानं नासलं वो?" मला उत्तर आलं नाही. निघताना त्याचा भाऊ जीपपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हे घराण्यात असतं का? बहिणीचं जमत आलंय. पाहुणे विचारायला लागलेत." मी म्हणालो, डॉक्टरांना विचारून कळवतो. नंतर माझी बदली झाली. मी कळवलं नाही.

हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. रक्त कशानं नासलं? आणि हे घराण्यात असतं का?

पांढरं रक्त

या आजाराचं वर्णन १८४५ साली दोघांनी वेगवेगळं केलं, एडिंबरोत बेनेटने आणि बर्लिनमध्ये फिर्शोने. रोग्याचं रक्त पांढुरकं दिसतं म्हणून पुढे फिर्शोने ग्रीक शब्दांवरून त्याला ल्युकेमिया नाव दिलं. ल्युकेमिया म्हणजे पांढरं रक्त, बस्स. नाव ठेवलं, पण कारण कुणालाच माहीत नव्हतं.

कारणाचा पहिला अंदाज केला एका प्राणिशास्त्रज्ञाने. थिओडोर बोव्हेरी हा जर्मन माणूस समुद्रातल्या सी अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याची अंडी तपासत असे. पेशीच्या आत गुणसूत्रं असतात, दोऱ्याच्या तुकड्यांसारखी, आणि आईबापाकडून आलेला सगळा मजकूर त्यांवर असतो. पेशीची वाटणी होताना ही गुणसूत्रं कमीजास्त झाली तर पेशी वेडीवाकडी वाढते, हे त्याने पाहिलं. १९१४ साली त्याने लिहिलं की कर्करोगाचं मूळ इथेच असावं. पण ते सिद्ध कसं करणार? माणसाची गुणसूत्रं नीट मोजताही येत नव्हती. कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत ४८ लिहिलेली असत. ती ४६ आहेत हे १९५६ साली छापून आलं, ते स्वीडनमध्ये काम करणाऱ्या त्यो आणि लेव्हान यांच्यामुळे. यातला त्यो मूळचा जावा बेटावरचा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत तीन वर्षं काढलेला.

आपल्याकडेही याच वाटेने एक बाई चालत होत्या. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ चा. शाळा हुजूरपागा, वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी १९४३ साली एम.एस्सी. केली ती सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर. मग मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाकडे वळल्या. पुढे अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे पेशी शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत देशातली तशी पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. ल्युकेमियावरही त्यांनी काम केलं. १९८२ साली पद्मभूषण मिळालं. पेशी जिवंत ठेवून वाढवता आल्याशिवाय तिच्यातली गुणसूत्रं दिसत नाहीत, म्हणून हे तंत्र महत्त्वाचं.

राजमा, नळाचं पाणी आणि मलेरियाची गोळी

आता १९६० साल, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. पीटर नोवेल नावाचा डॉक्टर ल्युकेमियाच्या पेशी काचेवर तपासत होता. एकदा त्याने काच नेहमीच्या द्रवाऐवजी साध्या नळाच्या पाण्याने धुतली. पाणी शिरून पेशी फुगल्या, गुणसूत्रं सुटी झाली आणि स्पष्ट दिसायला लागली. दुसरा शोधही त्याचाच. राजम्यापासून काढलेला एक अर्क घातला की रक्तातल्या शांत बसलेल्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. हो, आपला खायचा राजमाच. त्याच्या जोडीला डेव्हिड हंगरफोर्ड हा तरुण विद्यार्थी होता, गुणसूत्रांचे फोटो घेण्यात तरबेज.

दोघांनी सीएमएलचे रुग्ण तपासले. प्रत्येकाच्या रोगट पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड. सात रुग्णांवरची त्यांची नोंद छापून आली ती अगदी छोटी. शहराच्या नावावरून त्या आखूड तुकड्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणायला लागले. एका ठराविक कर्करोगात एक ठराविक गुणसूत्र बिघडलेलं असतं, हे जगाने पहिल्यांदा पाहिलं. बोव्हेरीचा अंदाज खरा ठरायला ४६ वर्षं लागली.

तरी शंका होतीच. तुकडा गेला कुठे? आणि हा बिघाड आजाराचं कारण की आजाराचा परिणाम? त्यासाठी आणखी १३ वर्षं गेली. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी उत्तर काढलं. चार मुलांची आई, बरीच वर्षं अर्धवेळ नोकरी केलेली. घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून जोड्या लावायच्या. मुलं चिडवायची, आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते म्हणून. त्यांनी गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारा जो रंग वापरला, तो क्विनाक्रिन. आपल्या जुन्या फौजी मंडळींना तो मेपाक्रिन नावाने आठवेल. ब्रह्मदेशच्या आघाडीवर मलेरिया होऊ नये म्हणून जवानांना दिली जायची ती पिवळी गोळी, जिने अंगसुद्धा पिवळं पडायचं. मागच्या भागातला मलेरिया इथे असा परत भेटतो.

राउलींना दिसलं की बावीस नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही. तो नऊ नंबरच्या शेपटाला जाऊन चिकटलाय. पुढे कळलं की नऊचाही छोटा तुकडा बावीसवर आलाय. स्टेशनात शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांचे शेवटचे डबे अदलाबदल व्हावेत, तसं.

डबे बदलल्याने काय होतं? ते १९८० च्या दशकात उलगडलं. नऊवरचा एबीएल नावाचा जनुक बावीसवरच्या बीसीआर नावाच्या जनुकाला येऊन जोडला जातो. एबीएलचं काम पेशीला वाढण्याचा इशारा देणं. निरोगी पेशीत हा इशारा गरजेपुरता चालू होतो आणि बंद होतो. जोडकाम झालं की तो बंदच होत नाही. खटावच्या माणसाला सांगायचं तर मोटारीचा स्टार्टर चिकटला. विहीर उपसली, पाट फुटला, तरी मोटार चालूच. १९९० साली हा जोडजनुक उंदरांत घालून पाहिला आणि त्यांना तसाच ल्युकेमिया झाला. मग परिणाम की कारण हा वाद मिटला.

रक्त कशानं नासलं

त्या माउलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. अस्थिमज्जेत रोज अब्जावधी पेशी तयार होतात. त्यातल्या एका पेशीत नकल उतरवताना दोन तुकडे चुकीच्या जागी जोडले गेले. तिची पिल्लावळ वाढत गेली. खाण्याने नाही, पिण्याने नाही, कुणाच्या नजरेने नाही. खात्रीने माहीत असलेलं बाहेरचं कारण म्हणजे किरणोत्साराचा मोठा मारा. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांत काही वर्षांतच ल्युकेमिया वाढला, त्यात सीएमएलही होता. पण बहुतेक रुग्णांत असं कुठलंच कारण सापडत नाही. आमच्या नाईकाचंही तसंच.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक फरक समजून घ्या. गुणसूत्रांचे बिघाड दोन तऱ्हेचे. एक जन्मापासूनचे, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारे. उदाहरणार्थ डाउन सिंड्रोम. त्यात २१ नंबरचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतात, हे १९५९ साली पॅरिसमधून प्रसिद्ध झालं. अशा मुलांना लहानपणी ल्युकेमिया होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचं रक्ताकडे लक्ष असतं. दुसरे बिघाड जन्मानंतर, वाटेत कुठेतरी एका पेशीत झालेले. फिलाडेल्फिया गुणसूत्र या दुसऱ्या तऱ्हेचं. ते रक्तपेशींत असतं, बीजात नसतं. म्हणून ते बापाकडून मुलाकडे जात नाही आणि भावामुळे बहिणीला होत नाही.

२०१४ साली माझं निदान झालं तेव्हा मी डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला, "माझ्या मुलींना धोका आहे का?" ते म्हणाले, "अजिबात नाही, कर्नलसाहेब." एका वाक्यात. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती आजाराच्या धास्तीने नव्हे. ही गोष्ट २००० सालीसुद्धा डॉक्टरांना माहीत होती. मी आमच्या मेडिकल ऑफिसरला विचारलं असतं तर त्यानेही एका वाक्यात सांगितलं असतं. मी खटपट करून त्या भावाचा नंबर मिळवला. आई गेल्या होत्या. बहिणीचं ते स्थळ तेव्हा मोडलं होतं. दोन वर्षांनी दुसरीकडे लग्न झालं, आता बरी आहे. तो म्हणाला, "साहेब, आता काय त्याचं." पण फोन ठेवायच्या आधी त्याने मला ते वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं.

गोळी

स्टार्टर चिकटलाय हे कळल्यावर तेवढाच बंद करणारं औषध शोधावं, असं काहींनी ठरवलं. स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीत, जी पुढे नोव्हार्टिस झाली, निक लायडन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रेणू बनवला. ओरेगॉनच्या डॉ. ब्रायन ड्रुकरने तो सीएमएलच्या पेशींवर तपासला आणि कंपनीच्या मागे लागून रुग्णांपर्यंत आणला. जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णांना गोळी मिळाली. म्हणजे आमचा नाईक आजारी पडायच्या चार महिने आधी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशी पूर्ववत झाल्या. बातमी पसरली, औषध कमी पडलं, तेव्हा १९९९ साली रुग्णांनीच हजारो सह्या गोळा करून कंपनीला पाठवल्या, जास्त औषध बनवा म्हणून. मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. औषधाचं नाव इमॅटिनिब. कंपनीचं नाव ग्लिव्हेक.

गुणसूत्र ओळखून उपचार करण्याचं हे एकच उदाहरण नाही. एपीएल नावाच्या ल्युकेमियात १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते. तो पूर्वी काही दिवसांत माणूस घेऊन जायचा. चीनमधल्या डॉक्टरांनी त्यावर अ जीवनसत्त्वाच्या जातीचं एक औषध आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, वापरून दाखवला. इथून जवळच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर नव्या रुग्णांवर फक्त आर्सेनिक वापरूनही बहुतेकांचा आजार आटोक्यात आणता येतो हे सिद्ध केलं. महाग औषध परवडत नाही, या गरजेतून निघालेली ती वाट होती.

मुंबईचे रुग्ण कोर्टात

आणि इथे किमतीचा प्रश्न येतो. ग्लिव्हेकची किंमत तेव्हा महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होती. भारतीय कंपन्यांनी २००३ च्या सुमारास तेच औषध ८ ते १० हजारांत आणलं. ते शक्य झालं, कारण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. पण जागतिक व्यापार संघटनेत गेल्यामुळे २००५ पासून कायदा बदलणं भाग होतं. नोव्हार्टिसने १९९८ सालीच चेन्नईत अर्ज करून ठेवला होता, या औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट द्या म्हणून. त्या अर्जाच्या आधारे २००३ च्या शेवटी कंपनीला विक्रीचा एकाधिकार मिळाला. मद्रास उच्च न्यायालयाने काही भारतीय कंपन्यांना औषध विकायला मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने तशी मनाई द्यायला नकार दिला.

तेव्हा पुढे आली मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन. वाय. के. सप्रू यांनी १९६९ साली सुरू केलेली, गरीब रुग्णांना औषधपाणी पुरवणारी संस्था. तिने पेटंटला विरोध नोंदवला. दरम्यान संसदेने २००५ च्या दुरुस्तीत कलम ३(ड) घातलं होतं. त्याचा अर्थ सोपा आहे: माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप आणलंत तर पेटंट नाही, त्याने गुण ठळकपणे वाढला पाहिजे. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. २००७ साली मद्रास उच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी कंपनीचं अपील फेटाळलं. कंपनी म्हणत होती, नवं स्फटिकरूप शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं. न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. तो वाढल्याचं दाखवलेलं नाही.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. तिने भारतात हजारो रुग्णांना हे औषध फुकट दिलं आणि ते सांगितलंही. शोधाला पैसा लागतो हेही खरं. पण फुकट देणाऱ्याचं मन कधीही बदलू शकतं. बाजारात परवडणारी गोळी असणं आणि कुणाच्या मेहेरबानीने गोळी मिळणं, यात फरक आहे. फौजेत आम्ही रसदीचा मार्ग कधी एकाच पुलावर ठेवत नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

मी शिवाजीनगरात राहतो. बाउरिंग रुग्णालयाच्या आसपास औषधांची दुकानं आहेत. माझी गोळी मला माजी सैनिकांच्या योजनेतून मिळते, पण कधी उशीर झाला तर मी एखाद्या दुकानात जाऊन विकत घेतो. रसेल मार्केटच्या गर्दीतून आलेला एखादा हमाल, एखादी फुलवाली तिथे रांगेत उभी असते. त्यांच्यापैकी कुणाच्या पिशवीत तीच गोळी असेल, मला माहीत नाही. असली तर ती त्यांना घेता येते, एवढं माहीत आहे. दर तीन महिन्यांनी माझं रक्त तपासतात आणि त्या जोडजनुकाचा मागमूस शोधतात. गेली काही वर्षं तो जवळजवळ सापडतच नाही.

नाईकाची आणि माझी गुणसूत्रं एकाच जागी तुटली होती. त्याच्यात आणि माझ्यात १६ वर्षांचं अंतर होतं, आणि त्या १६ वर्षांत कुणी प्रयोगशाळेत, कुणी कोर्टात, कुणी सह्या गोळा करत काम केलं. त्याला ती वर्षं मिळाली नाहीत.

एकच विनंती. तुमच्या ओळखीत कुणाला हा आजार असेल आणि त्यांच्या घरात लग्नाची बोलणी चालली असतील, तर त्यांना सांगा की सीएमएल घराण्यात जात नाही. खात्री नसेल तर रक्ताच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारून कळवा. कळवतो म्हणून राहू नका.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.